मंदोबा आठव्या घरात

पैलगावात आजकाल सगळे पडद्याआड जेवतात. म्हणजे माणसं पडद्याआड नाहीत, ताटं!

मधल्या सुट्टीची घंटा झाली की शाळेच्या जेवणघरात प्रत्येक जण डबा उघडायच्या आधी त्यावर ताटपडदा टाकतो. ताटपडदा म्हणजे जाड कापडाचा चौकोन, चारही कोपऱ्यांना वजनं शिवलेली. एक हात त्याच्याखाली घालायचा, चाचपडत घास करायचा आणि मान खाली घालून चटकन तोंडात टाकायचा. पहिल्या आठवड्यात निम्म्या वर्गाचे गणवेश आमटीने पिवळे झाले. दहावीतल्या एका मुलाने भाकरी समजून पडद्याचाच कोपरा चावला, तेव्हापासून त्याला सगळे ‘चादर’ म्हणतात. पण पडदा टाकायचा म्हणजे टाकायचाच. दुसऱ्याच्या ताटात नजर जाता कामा नये, कारण मंदोबा आठव्या घरात आलाय.

मंदोबा हा ग्रह आहे. पृथ्वी सोडून पैल नावाच्या ह्या छोट्या ग्रहावर जी पहिली माणसं राहायला आली, त्यांनी सोबत बियाणं आणलं, यंत्रं आणली आणि पंचांग बघायची सवयसुद्धा आणली. पण इथल्या आकाशात शनी कुठला! मग त्यांनी सगळ्यात हळू चालणारा एक भलामोठा तांबूस ग्रह हेरला आणि त्याचं नाव ठेवलं मंदोबा. इथल्या सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला नव्वद वर्षं लागतात. पंचांगवाल्यांनी त्या फेरीची बारा घरं पाडली. एकेका घरात मुक्काम साडेसात वर्षं. झाली की साडेसाती तयार!

शास्त्रज्ञ ह्यावर पोट धरून हसायचे. पण गंमत अशी, की ते खरं निघत होतं. मंदोबा पहिल्यांदा आठव्या घरात गेला तेव्हा पैलगावात पाण्यावरून दंगल झाली. माणसं मेली, आणि सगळं शमल्यावर खालच्या आळीला वरच्या आळीइतकंच पाणी मिळायला लागलं. नव्वद वर्षांनी पुन्हा आठवं घर, पुन्हा दंगल. ह्या वेळी शाळेवरून, कारण तोवर शाळेत फक्त वरच्या आळीची मुलं जायची. आणि मधल्या ऐंशीबिंशी वर्षांत काय झालं? काही नाही. सगळे गुण्यागोविंदाने नांदले. इतिहासाच्या पुस्तकात त्या सगळ्या वर्षांना मिळून एक परिच्छेद आहे आणि त्यावर परीक्षेत प्रश्नही येत नाही.

आता हे तिसरं आठवं घर. मोठी माणसं काळजीत होती. पण कृत्तिका ढमढेरेला एकच काळजी होती, की दुर्वाची वेणी इतकी जाड कशी?

दुर्वा सरंजामे ही तिची बालवाडीपासूनची मैत्रीण. दुर्वा वरच्या आळीतली, कृत्तिका खालच्या. तरी दोघी कायम एका बाकावर, एका पेनाच्या दोन मालकिणी. भांडण म्हणून नाही. आणि गेल्या दिवाळीपासून अचानक कृत्तिकाला दुर्वाचं सगळंच टोचायला लागलं. तिचं अक्षर टोचायचं. तिने हात वर केला की बांगडी कोपराकडे घसरायची, ते टोचायचं. दुर्वाला सर्दी झाली तरी तिचं नाक गुलाबी होऊन गोड दिसायचं, कृत्तिकाचं मेलं नुसतं गळायचं! रात्री अंथरुणात पडल्यावर ती दुर्वाने दिवसभरात मिळवलेली शाबासकी आठवत बसायची, दुखरा दात जिभेने चाचपावा तशी.

त्यात आकाशकट्ट्याची निवड झाली. पैलगावावर जाड धातूचं छत आहे, त्यामुळे तारे कुणालाच दिसत नाहीत. फक्त छताच्या टोकावर एक काचेची खोली आहे, तो आकाशकट्टा. दर वर्षी शाळेतलं एक मूल तिथे राहून तारे वाचायला शिकतं. कृत्तिकाला ते पाच वर्षांची असल्यापासून हवं होतं. परीक्षेत ती पहिली आली होती, दुर्वा तिसरी. आणि बाईंनी नाव वाचलं, दुर्वा सरंजामे.

कृत्तिकाने तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या.

“कृतू, मी तुला तिथून सगळं सांगत जाईन हं, काय काय दिसतं ते!” दुर्वा तिच्या गळ्यात पडून म्हणाली. अगदी मनापासून. तेच तर असह्य होतं. कृत्तिकाला वाटलं, ती वेणी मुळापासून उपटावी.

त्याच संध्याकाळी ती पाणीघरात गेली. तिची मालूआत्या, म्हणजे डॉ. मालविका ढमढेरे, तिथे गावाचं पाणी तपासते.

“आत्या, मला काहीतरी औषध दे.”

“ताप आलाय?”

“दुर्वा आलीय. डोक्यात.”

आत्या खो खो हसली आणि मग हातातलं काम बाजूला ठेवून म्हणाली, “दिवाळीपासून ना?”

“तुला कसं कळलं?”

“तू काही एकटी नाहीस, बाळा. काल आपल्या आळीत दोन सख्ख्या जावा एकीच्या बादलीला झाकण आहे आणि दुसरीच्या नाही म्हणून झिंज्या उपटत होत्या.” आत्याने मोरीतला ओला स्पंज उचलला. “हा आपला पैल समज. मंदोबाची वाट गोल नाही, अंड्यासारखी लांबट आहे. आठव्या घरात तो आपल्या सगळ्यात जवळ येतो. जवळ आला की त्याची ओढ वाढते, आणि त्या ओढीने पैलचा खडक असा दाबला जातो.” तिने स्पंज आवळला. “भोकं बघ.”

“बुजली.”

“खडकातल्या खोल भेगासुद्धा अशाच बुजतात. एरवी आपल्या विहिरींना पाणी त्या भेगांतून येतं. आता ते वरच्या थरातून येतंय.”

“मग? पाणी ते पाणी.”

“नाही ना! खोल पाण्यात एक क्षार असतो. चव नाही, वास नाही. मी त्याला शमक्षार म्हणते. आपल्या मेंदूत एक जागा असते, ती सारखी मोजत बसलेली असते. मला किती, तिला किती. शमक्षार त्या जागेला झोपवतो. आठव्या घरात तो पाण्यातून नाहीसा होतो.”

कृत्तिकाने जरा विचार केला. “म्हणजे मंदोबा आपल्याला मत्सर देतो.”

“इथेच पंचांगवाले चुकले. मंदोबा काहीच देत नाही. तो फक्त झोपेचं औषध काढून घेतो. कृतू, आत्ता तू जागी आहेस.”

“मग इतकी वर्षं मला दुर्वा आवडत होती, ती मी होते की पाणी?”

“ते मला नाही सांगता येणार,” आत्या म्हणाली. मग कपाटातून तिने एक छोटी बाटली काढली. आत पाण्यासारखंच पाणी होतं. “हा मी बनवलेला शमक्षार. पंचमंडळाने ठरवलंय, सोमवारपासून गावाच्या टाकीत सोडायचा. गाजावाजा न करता. ह्या वेळी दंगल नको.”

“गावाला विचारलं?”

“माझी पणजी त्या शाळेच्या दंगलीत गेली. तिला कुणी विचारलं होतं?”

“आणि त्याच शाळेत शिकून तू शास्त्रज्ञ झालीस ना?”

आत्या उगाचच स्पंज पिळत राहिली, त्यात पाणी उरलेलं नसतानाही. “प्यायलीस तर तासाभरात बरं वाटेल,” ती शेवटी म्हणाली. “नाही प्यायलीस तरी चालेल. सोमवारनंतर प्रश्नच उरणार नाही.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाटली कृत्तिकाच्या खिशात होती. प्यावी का न प्यावी? शेजारी दुर्वा पडद्याखाली हात घालून जेवत होती, आणि पडद्याखालून आंबट, ताजा, तोंडाला पाणी सुटेल असा वास येत होता. कृत्तिकाच्या स्वतःच्या पडद्याखाली होती शेवाळाच्या पिठाची भाकरी आणि आमटी. तिने हात पुढे केला आणि दुर्वाचा ताटपडदा खसकन ओढला.

भात. लिंबाची फोड. आणि टोमॅटोची कोशिंबीर, लालभडक.

“ए, पडदा टाक!” दहावीतला चादर ओरडला. “आठव्या घरात असं करतात का? बावळट!”

पैलगावात शिधा सगळ्यांना सारखा, हे पहिलीच्या पुस्तकातलं पहिलं वाक्य आहे. कृत्तिकाने ते सुंदर अक्षरात लिहून बक्षीस मिळवलं होतं. पण टोमॅटो बघून तिला धक्का बसला तो त्यामुळे नाही. तिने तो ओळखला! पडदे तर दिवाळीत आले. त्याआधी दुर्वाचा डबा वर्षानुवर्षं तिच्या शेजारी उघडाच असायचा. हाच भात, हाच टोमॅटो. ती रोज बघत होती आणि तिला कधी काही वाटलंच नव्हतं.

तिने दुर्वाचं मनगट धरलं आणि तिला ओढत शाळेमागच्या भिंतीशी नेलं.

“रोज टोमॅटो असतो तुला?”

“हो. म्हणजे...” दुर्वा गांगरली. “तुला नसतो?”

“खालच्या आळीत कुणालाच नसतो!”

“पण आई म्हणते, तुम्हाला शेवाळाचीच चव लागते. टोमॅटो तुम्हाला पचत नाही.”

“पचत नाही! आणि आकाशकट्टा? तोही पचत नाही का गं आम्हाला? आजवर खालच्या आळीतलं कोण गेलंय तिथे? एक नाव सांग!”

दुर्वा बोटं मोजायला लागली आणि थांबली. मोजण्यासारखं काही नव्हतंच.

मग कृत्तिका सुटलीच. तिने सगळं बाहेर काढलं. टोमॅटो, कट्टा, शमक्षार, सोमवारची टाकी, आणि त्याच दमात अक्षर, बांगडी, वेणी आणि ते गुलाबी नाक. दुर्वा भिंतीला टेकून ऐकत होती. तिने एकदाही मधे तोंड घातलं नाही, ह्याचासुद्धा कृत्तिकाला राग आला.

“मी नाही जात कट्ट्यावर,” दुर्वा म्हणाली. “तू जा.”

“मला तुझ्याकडून नकोय! मी पहिली आले, म्हणून हवंय. आज संध्याकाळी मी अख्ख्या आळीला सांगणार आहे. शिध्याचंही आणि टाकीचंही.”

“मग दंगल होईल.”

“होऊ दे.”

“आमच्या घरावर येतील?”

“येतील.”

“तू पण?”

कृत्तिका ‘नाही’ म्हणायला गेली आणि तिला तो शब्द सापडेना. तिला स्पष्ट दिसलं, की ती सगळ्यांच्या पुढे असेल. दगड घेऊन. आणि तो दगड शिध्यासाठी असेल की वेणीसाठी, हे तिचं तिलाच सांगता येणार नव्हतं. दोन्ही रागांची चव अगदी सारखी होती. ती घाबरली. जगात कशाला घाबरली नव्हती इतकी स्वतःला घाबरली.

तिने खिशातली बाटली काढली.

“हेच ते?” दुर्वाचे डोळे भरून आले. “पी ना, कृतू. मला तू हवी आहेस. आपण पहिल्यासारख्या होऊ. माझ्यासाठी पी.”

कृत्तिकाने एका दमात बाटली रिकामी केली.

वर्ग भरल्याची घंटा झाली, तरी त्या दोघी उठल्या नाहीत. भिंतीला टेकून बसून राहिल्या. कृत्तिका वाट बघत होती, आणि दुर्वा कसलातरी विचार करत होती, कपाळाला आठ्या घालून, ओठ चावत. पहिल्यांदा कृत्तिकाच्या खांद्यांतला ताण गेला. मग दातांवरचा दाब गेला. मग तिने दुर्वाकडे पाहिलं, आणि ती नुसती दुर्वा होती. किती छान मुलगी! कृत्तिकाला हसूच आलं.

“कसं वाटतंय?” दुर्वाने विचारलं.

“मस्त! उगाच एवढी चिडले गं मी.”

दुर्वाने तिला घट्ट मिठी मारली. मग डोळे पुसून ती ताडकन उठली. “चल तर मग! आता सांगूया सगळ्यांना. मी ठरवलंय. मी डबा घेऊन उभी राहते, माझ्या डब्यात काय असतं ते सगळ्यांना बघू दे. आणि तू बोलायचंस. तुझ्यासारखं कुणाला बोलता येत नाही. आता तू चिडलेली नाहीस, म्हणजे कुणी दगडही उचलणार नाही. नीट सांगू, शांतपणे.”

“काय सांगायचं?”

“काय म्हणजे? शिध्याचं! टोमॅटोचं!”

कृत्तिकाने आठवायचा प्रयत्न केला. आठवत सगळं होतं. भात, लिंबू, टोमॅटो. पण त्यात सांगण्यासारखं काय आहे, ते काही सापडेना. “अगं, मला शेवाळाची भाकरी आवडते,” ती म्हणाली.

“कृतू, तू पहिली आली होतीस. मी तिसरी.”

“हो ना. पण तूच जा कट्ट्यावर. मजा कर. मला सांग काय काय दिसतं ते.”

दुर्वाने तिचे दोन्ही खांदे धरून तिला गदागदा हलवलं. “सोमवारी ते टाकीत टाकणार आहेत! मग मलाही ह्याचं काही वाटणार नाही! आणि मी एकटीने सांगितलं तर कोण ऐकेल? वरच्या आळीची मी, मलाच सगळं मिळतंय. तू सांगायला हवंस. कृतू, राग आण ना गं! थोडासा तरी!”

“तुझ्यावर?” कृत्तिका म्हणाली. “तुझ्यावर मी कशाला रागवू?”

दुर्वा मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. कृत्तिकाने तिला जवळ घेतलं आणि तिच्या पाठीवरून हळूहळू हात फिरवत राहिली. बिचारीला एवढं काय झालं असेल, हे तिला काही केल्या कळेना.