निरंजनच्या मागे

फोटोतून माणूस पुसायला परवानगी होती. त्याच्या जागी खोटं काही भरायला मात्र बंदी होती. हा कायदा होऊन चार वर्षं झाली होती. पूर्वी यंत्र अंदाज बांधायचं. आजूबाजूला गवत दिसलं, की मोकळ्या जागेत गवतच पसरायचं. अशा फोटोंवरून इतके खटले उभे राहिले, की सरकारने ही ‘अंदाजभरणी’ थांबवली. आता ‘पृष्ठदर्शन’ हा एकच मार्ग उरला होता: माणूस काढायचा आणि त्याच्या मागे त्या क्षणी खरोखर जे होतं, ते दाखवायचं.

केतकी देवस्थळीला याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. सासूबाई जाऊन नऊ दिवस झाले होते आणि तेराव्याला मांडायला त्यांचा हसरा फोटो हवा होता. तसा एकच होता. एकोणीस वर्षांपूर्वी सगळे धरणावर सहलीला गेले, तेव्हा तिनेच काढलेला. त्यात सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवून तिचा धाकटा दीर निरंजन उभा होता.

“यांना काढायचंय,” डॉ. इरावती भोईटेंच्या प्रयोगशाळेत ती म्हणाली.

“कोण हे?”

“माझे दीर. त्या दिवशी माझा मुलगा बुडाला. मल्हार. सहा वर्षांचा होता. माझा नवरा त्याला यांच्याकडे सोपवून गाडीत जाऊन झोपला होता. यांनी लक्ष दिलं नाही.”

निरंजनने तेव्हा वाद घातला नव्हता. “चुकलं माझं, वहिनी,” एवढंच म्हणाला होता. त्यानंतर त्याला कोणी घरात घेतलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो बेळगावात, भाड्याच्या खोलीत, एकटाच वारला. केतकीचा नवरा अभिराम धाकट्या भावाच्या अंत्यविधीला गेला नाही आणि आईलाही त्याने जाऊ दिलं नाही.

“पण यांच्या मागचं तुम्हाला कसं कळणार?” केतकीने विचारलं. “कॅमेऱ्याला ते दिसलंच नाही ना?”

“सरळ नाही दिसलं. पण मागच्या वस्तूंवरून निघालेला उजेड या ओल्या खडकांवर पडतो, या स्टीलच्या डब्याच्या गोल कडेवर पडतो आणि तिथून कॅमेऱ्यात शिरतो. तो इतका पुसट असतो, की डोळ्याला जाणवत नाही. यंत्र तो कणाकणाने वेचतं आणि उलटा माग काढत जातं.” इरावतीबाई थांबल्या. “ताई, एक आधीच सांगते. जे दिसेल ते मला बदलता येणार नाही.”

“पाणी दिसेल. दुसरं काय असणार तिथे?”

यंत्राला वीस मिनिटं लागली. निरंजनची आकृती विरत गेली. त्या जागी आधी करडा धूर दिसला, मग पाणी, मग पाण्यात गुडघाभर उभा असलेला एक माणूस.

तो अभिराम होता. काठाकडे तोंड करून तो फोनवर बोलत होता, हसत होता. त्याच्या पाठीमागे दहा-बारा हातांवर मल्हार होता. छातीपर्यंत पाण्यात, एक हात वर केलेला. फोटोवर वेळ होती चार वाजून चाळीस मिनिटं. मल्हारला बाहेर काढलं, तेव्हा पाच वाजत आले होते.

केतकी पडद्याजवळ सरकली.

“केस कापायचे राहिले होते त्याचे,” ती म्हणाली.

इरावतीबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो घेतला नाही.

“भाऊजींना मीच तिथे उभं केलं होतं. पाण्यावरचं ऊन लेन्सवर येत होतं. म्हटलं, जरा आड उभे राहा.”

“ताई, ही प्रत तुमच्या नावावर नोंदवायची का? नोंदवली, की ती कायमची पुरावा म्हणून राहते. नाही नोंदवली, तर मला आत्ताच पुसावी लागेल.”

मल्हारचे एकूण सदतीस फोटो तिच्याकडे होते आणि ते सगळे तिला पाठ होते. हा अडतिसावा होता. तो घरी नेला, तर अभिरामला विचारावं लागलं असतं. विचारलं, तर त्याच्या शेजारी काढलेल्या एकोणीस वर्षांचं काय करायचं, तेही ठरवावं लागलं असतं. ती साठीची झाली होती.

“भाऊजींना परत उभं करा,” ती म्हणाली.

“मग मुलगाही झाकला जाईल.”

“हो.”

पुसण्याआधी तिने पडद्यावरच्या त्या वर केलेल्या हातावर एकदा बोट ठेवलं. मग स्वतःच होकारार्थी मान हलवली.

घरी आल्यावर अभिरामने विचारलं, “हा अजून यात कसा?”

“नाही निघाला.”

तेराव्याला फोटो चौरंगावर ठेवला. जेवणं उरकल्यावर अभिरामची आत्या जवळ येऊन निरखून बघू लागली. “अरे, ह्याला कशाला ठेवलंत आईच्या शेजारी?” तिने विचारलं.

केतकी विडे वाटत होती. अभिरामने आत्याच्या पाठीवर हात ठेवला.

“असू दे, आत्या,” तो हळुवारपणे म्हणाला. “आम्ही केव्हाच माफ केलंय त्याला.”