अंगठ्याची भाकरी

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याला पटत नसेल त्याने केजला जावं आणि माझ्या जावेच्या बहिणीला, शिवकन्याला, तोंडावर विचारावं. शिव्या खायची तयारी ठेवून!

गेल्या पौषातला रविवार. धारूरचा किल्ला. आणि रात्र नव्हे... भर दुपार.

शिवकन्याचा धाकटा भाऊ आदिनाथ जर्मनीहून आला होता. आई, कडूबाई, अंथरुणाला खिळली तेव्हा आला नाही. तिला अग्नी दिला तेव्हाही नाही. आता आला, तो किल्ले बघायला आणि गावाकडचं खाणं मोबाईलमध्ये टिपायला.

शिवकन्या आतून धुमसत होती. आईचं हगणं-मुतणं तिनं काढलं. "पोरी, लई केलंस," एवढं ऐकायला तिचा जीव टांगलेला. पण आई मरेपर्यंत दाराकडे बघून एकच विचारायची.

"आदिनाथ आला का गं?"

तटाच्या सावलीत तिनं डबा सोडला. भाकरी, ठेचा, हुलग्याचे शेंगोळे.

"आईच्या नावानं घास काढ," ती म्हणाली.

त्यानं काढला, दगडावर ठेवला. मग मोबाईल बघून म्हणाला, "ताई, नीट दिसंना. परत घेतो."

आणि ठेवलेला घास उचलला!

"आरं मुडद्या! काढलेला घास उचलत्यात व्हय? लाज हाय का न्हाई?"

"एवढं कशाला चिडतीस? व्हिडिओच तर हाय."

त्यानं हसत हसत घास पुन्हा ठेवला.

तेवढ्यात...

थप... थप... थप...

शेजारच्या पडक्या खोलीतून. भाकरी थापल्याचा आवाज.

"कुणीतरी राहतंय वाटतं," आदिनाथ म्हणाला.

शिवकन्या तरातरा आत गेली. कुणी नव्हतं. चूल नव्हती, राखही नव्हती.

पण भाजल्या भाकरीचा वास...

आवाज थांबला.

ती बाहेर आली. डब्यातल्या गार भाकरींवर एक वेगळीच भाकरी होती. वाफाळलेली, जाडजूड. कडेला अंगठा दाबलेला.

शिवकन्यानं तो अंगठा ओळखला. लेकाची भाकरी दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून कडूबाई तसा अंगठा दाबायची.

"ही गरम कशी गं?" म्हणेपर्यंत त्यानं तोडलीसुद्धा. "आईच्या हातचीच चव!"

तिला वाटलं होतं, आई कधी आलीच तर याचं नरडं धरील. निदान कानाखाली तरी वाजवील. आईनं काय केलं? वाढलं!

"आये!" शिवकन्या त्या रिकाम्या खोलीकडं तोंड करून ओरडली. "मग मी कोण हाय गं तुझी?"

आत बांगड्या वाजल्या...

आणि आईचा तोच आवाज आला.

"आदिनाथ जेवला का गं?"

आदिनाथला काहीच ऐकू आलं नाही. तो जेवत होता. चार दिवसांनी जर्मनीला परतलाही.

पण शिवकन्याच्या स्वयंपाकघरात अजून दिवेलागणीला थपथप होते. मी मुक्कामाला होते तेव्हा माझ्या कानांनी ऐकलीय. मी तर उठून दाराकडेच पळाले.

शिवकन्या जागची उठली नाही.

"थापू दे," ती म्हणाली. "माझ्यासाठी थोडीच थापतीय!"