मेण न लावलेला दोरा

पेटीची मूठ तुटायचीच होती, तर दोन दुकानं पुढे, कुलपं दुरुस्त करणाऱ्यापाशी तुटली असती. पण नाही. ती तुटली बरोब्बर आमच्या पायरीवर, आणि ती लांबट काळी पेटी येऊन माझ्या पायावर आदळली.

"लागलं का?" त्यानं विचारलं, पण विचारताना बघत होता पेटीकडे.

"मला लागलं. तिला विचारून सांगते."

तेव्हा कुठे त्यानं मान वर केली. त्याचे कान असे लालबुंद झाले की मी माझा अंगठा विसरले. खोटं कशाला बोलू, बघायला बरं वाटलं.

आमचं दुकान चामड्याच्या वस्तू दुरुस्त करायचं. बाबांची नजर मंदावल्यापासून शिवण माझ्याकडे आणि गप्पा बाबांकडे, अशी आमची वाटणी. तो आत आला, पेटी बाकावर ठेवली आणि काही मोडलं तर नाही ना, हे बघायला उघडली. आत बॅगपाइप होता. काळ्याभोर लाकडाच्या नळ्या आणि मखमली खोळ घातलेली चामड्याची पिशवी. खोळ जरा सरकली होती. त्या फटीतून मला शिवण दिसली.

ती शिवण माझी होती. आपलं अक्षर आपण ओळखतो, तसा मी माझा टाका ओळखते. आठ महिन्यांपूर्वी एक उंच बाई ही पिशवी नव्यानं शिवून घ्यायला आल्या होत्या. बाबा डोळे तपासायला गेलेले, बाहेर धाकटी बहीण सिनेमाला उशीर होतोय म्हणून हाका मारतेय. शेवटचा वीतभर भाग मी दोऱ्याला मेण न लावताच शिवला. मेणानं टाक्याची भोकं बुजतात, नाहीतर हवा निसटते. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी म्हटलं, वीतभरच तर आहे.

"मूठ तेवढी बसवून द्या," तो म्हणाला. "रविवारी ही पेटी दुसऱ्याकडे जायची आहे."

"का बरं?"

"मला दम पुरत नाही..." तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं.

मूठ बसवायला दहा मिनिटं पुरतात. मी त्याला बुधवारी यायला सांगितलं. तोंड उघडायला मला तेवढे दिवस हवे होते.

बुधवारी तो आला. तो दुकानादुकानांतून वजनकाटे तपासायचं काम करतो, हे बाबांनी दोन मिनिटांत काढून घेतलं, आणि बँडचा सगळा इतिहासही. सत्तर वर्षांपूर्वी सूतगिरणीतल्या बॉयलरवाल्यानं कुठूनसा हा बॅगपाइप पैदा केला आणि सात कामगारांना घेऊन बँड काढला. पुढे गिरणी बंद पडली, बँड काही बंद पडला नाही. आता त्यात बेकरीवाला आहे, टपाल वाटणारा आहे, दाताची डॉक्टर आहे, दोघी शिक्षिका बहिणी आहेत. बॉयलरवाल्यानंतर गिरणीचा वजनकारकून प्रमुख झाला, त्याच्यानंतर याची आत्या. ती इस्पितळात नर्स होती. बावीस वर्षं तिनं बँड सांभाळला आणि आता तिच्या गुडघ्यांनी संप केला होता.

प्रमुख व्हायची रीत एकच. गिरणीच्या जुन्या मैदानाला बँड घेऊन तीन फेऱ्या मारायच्या, आणि सूर एकदाही पडता कामा नये. जमलं, की बँडच्या वहीत एक ओळ लिहायची, आपल्याला दम कुणामुळे मिळाला त्याची. बॉयलरवाल्यानं लिहिलं होतं, 'आई.' वजनकारकुनानं लिहिलं होतं, 'बायको, कारण तिनं घरात वाजवू दिलं नाही.' आत्यानं लिहिलं होतं, 'इस्पितळाचे जिने.'

"माझा सूर दुसऱ्या फेरीत पडतो," तो म्हणाला. "सरावात दर वेळी. डॉक्टर म्हणतात छाती ठणठणीत आहे. म्हणजे मग भीतीच असणार. तसं सांगून टाकलं मी सगळ्यांना."

त्याचं हे साधं बोलणं माझ्या जिव्हारी लागलं. मी नळ्या काढून तिथे बुचं ठोकली, त्याला पिशवी फुगवून काखेत दाबायला सांगितली, आणि ब्रशनं शिवणीवर साबणाचं पाणी फिरवू लागले. मी इतकी जवळ वाकले होते की त्यानं रोखलेला श्वास मला कळत होता. शेवटच्या वीतभर भागात बुडबुडे आले. एक, मग चार, मग नुसता फेस.

तो फेसाकडे बघत राहिला. मग हसायला लागला, अगदी पोटापासून.

"म्हणजे आठ महिने मी... कुणी शिवलंय हो हे?"

आणि मी काय बोलले असेन? "जुनं झालं की होतं असं."

आठ महिन्यांची पिशवी, आणि म्हणे जुनी. त्यानं विश्वास ठेवला, हे सगळ्यात वाईट.

रविवारी पेटी द्यायची नाही, आपणच तीन फेऱ्यांना उतरायचं, असं त्यानं तिथल्या तिथे ठरवलं. पिशवी उसवून पुन्हा शिवायला मी शनिवारपर्यंत मुदत मागितली. तो मात्र गुरुवारीच आला. आमच्याकडे खिळे तोलायचा एक छोटा काटा आहे, तो म्हणे तपासायचा राहिला होता. शुक्रवारी तोच काटा पुन्हा तपासला. बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, हा काटा एवढा बिघडतो हे मला माहीत नव्हतं.

"किती चुकतोय?" मी हळूच विचारलं.

"काटा बरोबर आहे," तो त्याहून हळू म्हणाला. "माझंच लक्ष ठिकाणावर नाही."

दुसऱ्या कुणाला अशा वेळी आनंद झाला असता. मला झालाही... आणि त्याच्या दुप्पट लाज वाटली. हा माणूस ज्या हातांकडे असा बघत होता, त्याच हातांनी त्याला भित्रा ठरवलं होतं. सांगावं तर तो परत पायरी चढणार नाही. न सांगावं तर तो चढत राहील, आणि दर वेळी मी त्याला फसवत राहीन.

शनिवारी दुपारी पिशवी तयार झाली. प्रत्येक टाक्याला मेण, दोनदा. त्यानं फुगवून पाहिली आणि हरखून गेला. त्या हरखण्यावरच मी बोलले.

"ती आधीची शिवण माझी होती. मला सिनेमाला जायचं होतं, म्हणून मेण लावलं नाही. तुमचा दम कधीच कमी नव्हता."

त्यानं पिशवी पेटीत ठेवली. मग पेटीचा खटका लावला.

"मी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं, की मी घाबरतो," एवढंच म्हणाला आणि गेला. नव्या मुठीला धरून.

रविवारी मी जाणार नव्हते. बाबांनी माझी चप्पल दारात सरळ करून ठेवली आणि म्हणाले, जा, टाका टिकतो का ते बघून ये. मी गेले आणि मैदानाच्या भिंतीला टेकून उभी राहिले.

मोठ्या ड्रमचे दोन ठोके पडले, त्यानं फुंकर घातली आणि बॅगपाइप असा किंचाळला की भिंतीवरची कबुतरं उडाली. बेकरीवाला फिस्सकन हसला. गळक्या पिशवीत आठ महिने जीव ओतून फुंकायची सवय, ती एका दिवसात कशी जाणार? मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण तो थांबला. डोळे मिटले, खांदे सैल सोडले आणि निम्म्या श्वासानं पुन्हा सुरुवात केली.

पहिली फेरी छान गेली. दुसऱ्या फेरीत पलीकडच्या वळणावर मी माझाच श्वास रोखून धरला. सूर पडला नाही. तिसरी फेरी मी नीट पाहिलीच नाही, डोळे पाण्यानं भरले होते. शेवटी सगळे एकदम थांबायला हवेत, पण एक सूर मागे कुंईकुंई करत राहिला. तो बेकरीवाल्याच्या क्लॅरिनेटचा होता.

खुर्चीत बसलेल्या उंच बाईंनी मला बोटानं जवळ बोलावलं.

"तूच ना गं ती? बहीण हाका मारत होती तुला."

मी मान खाली घातली.

"बावीस वर्षं वाजवलंय मी. शिवण तपासून घ्यायची अक्कल मलाही हवी होती," आत्या म्हणाल्या आणि मांडीवरची वही माझ्यापुढे धरली. "वाच. आत्ताच लिहून गेलाय."

आत्यांच्या 'इस्पितळाच्या जिन्यां'खाली ओल्या शाईत लिहिलं होतं, 'चामड्याच्या दुकानातली. तिच्या गळक्या पिशवीनं छाती तयार केली. आणि तिच्या खरं बोलण्यानं भीती घालवली.'

मी वर पाहिलं तर तो समोर उभा. कान पुन्हा लाल.

"काल रागावून गेलात," मी म्हणाले.

"रागावलोच होतो. घरी जाऊन वाजवून बघितलं, मग राग टिकेना." त्यानं काखेतली पिशवी उगीचच चाचपली. "ही दर दोन वर्षांनी नवी शिवावी लागते. यापुढे बाहेरच्या कुणाकडे द्यायची नाही, असं ठरवलंय मी."

"मग कुणाकडे देणार?"

"घरातल्याच माणसाकडे... ते माणूस तयार असेल तर."

आत्यांना अचानक वहीत वाचण्यासारखं बरंच काही सापडलं. मी माझ्या बोटांकडे पाहिलं. मेणाचा पिवळा थर अजून नखांत होता.

"माझी एक अट आहे," मी म्हणाले. "घाई करायची नाही. दोऱ्याला मेण लावायला वेळ लागतो."

"दम आहे माझ्यात," तो म्हणाला. "तुम्हीच म्हणालात काल."

मग त्यानं पेटी उचलली. मी दुसऱ्या बाजूनं मुठीला हात लावला, आणि ती मजबूत आहे हे ठाऊक असूनही आम्ही दोघांनी ती धरून पेटी दुकानापर्यंत आणली.