उलटी गाठ

पटलं तर ऐका, नाहीतर सोडून द्या. पण कुसुमावती माझी सख्खी मावशी आहे आणि खोटं बोलायचा तिला मुळातच कंटाळा. ही गोष्ट गेल्या वैशाखातली, तीही भर दुपारची.

कुही गावाच्या पुढं, धानाच्या बांध्यांपलीकडं एक जुनं दगडी देऊळ आहे. आत आठ हातांची काळी देवी. सात हातांत शस्त्रं. आठवा नुसता पुढं केलेला, रिकामा.

मावशीचं सासर नागपूरच्या कोष्ट्यांचं. मागावर नवा ताणा, म्हणजे उभं सूत, चढवला की विणणाऱ्या पुरुषानं पहिलं सूत त्या रिकाम्या हाताला बांधायचं. रात्रभर टिकलं तर माग चालवायचा, ही त्यांच्या घरची रीत.

तिचा नवरा मधुसूदन डावखुरा. त्याची गाठ उलटी पडायची, त्यावरून ती त्याला चिडवायची. तो त्याआधीच्या दिवाळीत वारला.

धाकटा दीर जागेश्वर, त्यानं जन्मात मागाचा धोटा हातात धरला नव्हता. तो म्हणाला, "वहिनी, माग विकून टाकू. सूत बांधाले आता कोण हाये?"

"मी आहो ना."

"बाईनं तिथं हात लावला त हात तिथंच राहते."

"कोणाचा राह्यला? नाव सांगा, भाऊजी."



तिनं नवा ताणा चढवला आणि सूत घेऊन देवळात एकटीच गेली. दारातली घंटा वाजवली...

आवाज आला नाही.

लोलक हलताना दिसत होता. पुन्हा ओढली. काहीच नाही. बाहेरचे होलेही घुमायचे थांबले.

मग... खट्... खट्...

मागाचा आवाज. देवीच्या पाठीमागून.

तरी तिनं दगडी मनगटाला सुताचा वेढा दिला, पहिला फास टाकला...

आणि पलीकडून कुणीतरी सूत ओढलं.

तिचं बोट फासात अडकलं. दगड गार नव्हता. कोमट होता.

दुसरी असती तर बोबडी वळली असती. ही चिडली.

"सोड वं माय. हात ठेवून घेशीन त विणन कोण?"

सूत सैल पडलं. ती बाहेर पडली, बांधीच्या धुऱ्यावर पोचली, तेव्हा मागं घंटा वाजली. दोनदा.

घरी आल्यावर तिच्या ध्यानात आलं, घाईत गाठ अर्धीच राहिली. अर्धी गाठ सुताला टिकत नाही, हे कोष्ट्याच्या पोरालाही कळतं. ती रात्र तिनं मागाला टेकून काढली.

सकाळी जागेश्वर तिच्यासोबत गेला, हसतच. सूत पडलं की संध्याकाळी माग विकायचा, हे त्यानं ठरवलंच होतं.

सूत हाताला होतं. गाठ पुरी होती.

त्यानं वाकून पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. "वहिनी... गाठ उलटी हाये."

मावशी तिथंच बसून रडली. मग पदरानं तोंड पुसलं आणि उठली. "पहिला फास माझा हाये. चला, ताणा वाट पाहून राहिला."

माग आजही चालतो. तिच्या बोटावरचा वळ मात्र गेला नाही.

दुपारी कधी आम्ही दोघी जेवून आडव्या होतो. घरात तिसरं कोणी नसतं. आणि आतल्या, मागाच्या खोलीत... खट्... खट्...

"चालू दे वं," मावशी डोळे मिटूनच म्हणते. "कापड त आपलंच वाढून राहिलं ना."

मी अजून त्या खोलीत पाय ठेवलेला नाही.