अच्छाडच्या प्रेसचं डावं बटण

ही गोष्ट ऐकीव नाही. ज्याच्यासोबत घडली तो रविंद्र माझा सख्खा मावसभाऊ, डहाणूचा. थापा मारणाऱ्यातला नाही. उलट त्याच्या तोंडून हे काढताना माझ्या नाकी नऊ आले.

आणि भुतं रात्रीच येतात असं मानत असाल तर आधीच सांगतो...

हे भर दुपारी घडलं.

गेल्या दसऱ्याला. तलासरीच्या पुढे, अच्छाडला, हायवेपासून थोडं आत असलेल्या एका शेडमध्ये.

तिथे स्विचमध्ये बसणाऱ्या पितळेच्या टिकल्या बनतात. मसुरीच्या डाळीएवढ्या. चिमट्याने पितळेचा तुकडा प्रेसमध्ये ठेवायचा, हात मागे घ्यायचा आणि दोन बाजूंची दोन बटणं एकदम दाबायची.

ठक.

दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय ठोका पडतच नाही. हात वाचावेत म्हणूनच ती सोय.

पण शेठला माल भराभर हवा. म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी घेऊन डावं बटण दाबून बांधून टाकायचे. मग एक हात तुकडे ठेवायला मोकळा. रविंद्र तिथला सेटर, म्हणजे प्रेस लावून देणारा. पट्टी बांधायचं कामही त्याचंच.

खिडकीजवळच्या प्रेसवर जिवली बसायची. जवळच्याच पाड्यावरची. दसऱ्याआधीच्या उन्हाळ्यात एके दिवशी सकाळी ती म्हणाली होती, "दादा, ते सोडा ना. भीती वाटते."

"होईल सवय," रविंद्र म्हणाला आणि पुढे गेला.

दुपारपर्यंत तिची दोन बोटं गेली.

सगळे जिवलीकडे धावले. हा पठ्ठ्या प्रेसकडे. त्यानं पट्टी सोडली आणि शेठच्या हातात दिली.

"बघा, तिनंच बांधलेली. मी नको नको म्हणत होतो."

जिवलीला टेम्पोत चढवत होते. तिनं ऐकलं. त्याच्याकडे बघितलं.

तिचं काम सुटलं. त्याच पावसाळ्यात ती काविळीनं गेली. घरात कमावणारं कुणी उरलं नाही, म्हणून तिची धाकटी बहीण पुष्पा कामाला आली. त्याच प्रेसवर बसली. आणि तिच्यासाठीही पट्टी रविंद्रच बांधायचा. मला हे सांगताना त्याची मान वर होत नव्हती.

तर, दसरा.

सकाळी मशीन पुसली, पट्ट्या सोडून खिळ्याला टांगल्या. प्रेसना झेंडूचे हार घातले, नारळ फोडला. त्या दिवशी मशीनला विश्रांती. कुणी हात लावत नाही, लावूही नये. पेढे घेऊन सगळे घरी गेले.

रविंद्र कुलूप लावतच होता, तेवढ्यात शेठचा फोन आला.

"रविंद्रभाई, पार्टी ओरडते. तेवढं एक खोकं पूरं करून दे ने."

याला नाही म्हणता येत नाही, हाच तर याचा रोग. खिडकीजवळच्या प्रेसवर डाय, म्हणजे टिकलीचा साचा, बसवलेलीच होती. त्यानं हार उतरवला. मोटर चालू केली.

डाव्या हातातल्या चिमट्यानं तुकडा ठेवला. उजवा हात सवयीनं बटणावर पडला...

ठक.

चिमटा जेमतेम बाहेर आला होता.

पट्टी बांधलेली नाही, हे त्याच्या मग लक्षात आलं. ती समोर खिळ्याला लटकत होती.

त्यानं डावा हात खिशात घातला. उजवं बटण परत दाबलं.

ठक.

वाकून डावीकडे बघितलं...

डावं बटण आत गेलेलं होतं. कुणीतरी दाबून धरावं तसं.

हायवेवरच्या ट्रकांचा आवाज कधी थांबला, त्याला कळलं नाही. नुसती मोटर घुमत होती. बटणाशेजारच्या पत्र्यावर, सकाळीच पुसलेल्या, तेलाचा हात उमटला होता.

त्या हाताला तीनच बोटं होती.

"जिवली..." तो म्हणाला. "चुकलं माझं..."

बटण हळूहळू वर आलं.

चपला तिथेच सोडून रविंद्र जो पळाला तो थेट हायवेवरच्या ढाब्यावर जाऊन थांबला. मोटर बंद करायचंही भान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सगळे होते, म्हणून हा आत शिरला. पत्र्यावर डाग नव्हता. शेठसमोर नाही म्हणायची हिंमत झाली नाही. त्यानं पुष्पासाठी पट्टी बांधली.

प्रेस चालेना.

पट्टी सोडली की चालतो. बांधली की बंद. वायरमन येऊन गेला, त्याला काही सापडलं नाही. शेवटी शेठ कंटाळला. आता शेडमधल्या त्या एकाच प्रेसला पट्टी नसते.

मग एकदा चहाच्या सुट्टीत पुष्पा त्याच्याजवळ आली.

"दादा, हे तुम्हीच केलं ना? माझं ताईसारखं होऊ नये म्हणून?"

खरं सांगायची तीच वेळ होती. तिच्या बहिणीवरचा खोटा आळ पुसायची.

रविंद्रनं मान हलवली. हो म्हणून.

"तुम्ही आहात म्हणून बसते मी तिथे," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

सगळे प्रेस बंद होते. मोटरीही बंद.

तरी मागे, खिडकीजवळ...

ठक.

पुष्पाला ऐकू आलं नाही. एकट्या त्याला आलं.

मला हे सगळं सांगून होईपर्यंत त्यानं दोन्ही हात खिशातून काढले नव्हते. पुष्पाला त्यानं अजून खरं सांगितलेलं नाही. "सांगतो रे," म्हणतो.

आणि ती अजून त्याला दादा म्हणते.