पक्का झालेला दिवस

"आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे, काका," डॉ. निखत इनामदार समजावून सांगत होत्या. "आपण आठवतो तेव्हा मेंदू ती पुन्हा नव्याने लिहितो. लिहिल्यावर ती काही तास ओली असते, ताज्या सिमेंटसारखी. आमचं दृढक नावाचं औषध तिला त्या अवस्थेत कायमचं पक्कं करतं. मग काळ्या दगडावरची रेघ."

ऐकणारे उमाकांत निकुंभ वीज खात्यातले निवृत्त अभियंता होते, वय चौऱ्याहत्तर. स्मृतिभ्रंशाने त्यांना गाठलं होतं आणि दोन वर्षांत बहुतेक सगळं पुसलं जाणार होतं. दृढकाचा सहा दिवसांचा उपचार आयुष्यात एकदाच आणि एकाच आठवणीवर करता येत असे. नाशिकच्या या प्रयोगशाळेची प्रमुख त्यांचीच मुलगी शलाका, त्यामुळे त्यांचा नंबर लवकर लागला.

कोणती आठवण राखायची, तेही शलाकानेच ठरवलं. दुसऱ्याला विचारण्याची तिला सवय नव्हती.

"ओजसचा शेवटचा दिवस," ती म्हणाली.

ओजस तिचा धाकटा भाऊ. दोन वर्षांचा असताना परसातल्या पाण्याच्या टाकीत बुडाला. शलाका तेव्हा चार वर्षांची होती, तिला त्याचा चेहराही आठवत नव्हता. आई गेल्यापासून ओजसला कडेवर घेतलेलं माणूस जगात एकच उरलं होतं.

"फक्त सकाळचं सांगतो ना, शलू," अप्पा चाचरत म्हणाले. "त्याने मांजरीला वरणभात भरवला, ते. पुढचं कशाला?"

"अर्धवट सांगितलेली आठवण टिकत नाही, अप्पा. शेवटापर्यंत सांगायचं."

शास्त्राप्रमाणे हे अगदी बरोबर होतं. शलाका शास्त्रात कधी चुकत नसे, तिचं चुकायचं ते माणसांच्या बाबतीत.

औषध सुरू करण्याआधी रुग्णाने बंद खोलीत एकट्याने सगळा प्रसंग यंत्राला सांगायचा, असा नियम होता. त्याला मूळ कथन म्हणत. उपचारानंतरचं कथन त्याच्याशी जुळवून पाहायचं. नव्वद टक्के जुळलं की उपचार यशस्वी.

मूळ कथन देऊन अप्पा बाहेर आले आणि हळूच म्हणाले, "हे शलू ऐकणार नाही ना?"

"जुळणी यंत्रच करतं, काका," निखत म्हणाल्या.

मग सहा दिवस, रोज सकाळी, दृढक घेऊन अप्पांनी तो दिवस सांगितला. समोर शलाका बसायची, कारण आपल्या माणसाला सांगताना आठवण जास्त खुलते. तिला ती गोष्ट पाठ होती. दरवर्षी ओजसच्या तिथीला जेवणं झाली की अप्पा ती सांगत आणि शेवट ठरलेला असे. अप्पा अडखळले की घरातल्यासारखीच ती पुढचं वाक्य सुचवायची.

"आणि मागच्या दाराची कडी, अप्पा?"

अप्पा तिच्याकडे पाहत राहायचे. मग म्हणायचे, "मीच लावायला विसरलो."

चौथ्या दिवसापासून ते कडीपाशी अडखळेनासे झाले. सहाव्या दिवशी हे वाक्य म्हणताना ते ओक्साबोक्शी रडले. असे ते कधीच रडले नव्हते. निखतनी समाधानाने नोंद केली की भावना अतिशय ठळक आहे.

जुळणी एकसष्ट टक्के निघाली. शलाका भडकली. औषध नासकं असणार, असं म्हणत तिने मूळ कथन उघडलं.

अप्पांचा आवाज शांत होता. "यंत्राशी खोटं बोलून काय करू? कडी मी लावली होती. शलूची बाहुली बाहेर राहिली, म्हणून तिने स्टुलावर चढून कडी काढली. ओजस तिच्यामागून गेला. चार वर्षांच्या पोरीचा काय दोष? तिने जन्मभर हे वागवू नये म्हणून मी विसरलो असं सांगायचं, हे तिच्या आईने आणि मी ठरवलं. मला त्याचा त्रास नाही. मी कडी लावली होती, हे मला पक्कं ठाऊक आहे."

आता ते त्यांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं ते खोटं जिभेवरच राहिलं होतं. आत शलाकाने घातलं, रोज सकाळी, मोजून मापून.

तिने त्यांना कथन ऐकवलं, हात जोडले, रडली. अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मला पाठीशी घालू नकोस, बाळा. यंत्रापुढे मी स्वतःची लाज राखली असणार. पोराला मीच मारलं."

"हे काढता येईल?" तिने निखतना विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"नाही. बाकीचं सगळं जाईल. हे शेवटपर्यंत राहील."

आजार ठरल्याप्रमाणे वाढला. आठवणीतून बायको गेली, नोकरी गेली, घराचा पत्ता गेला. दोन वर्षांनी एका सकाळी शलाका भात भरवत असताना अप्पा तिला परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, "बाई, घरी लहान मूल असेल तर मागच्या दाराची कडी लावत जा. मी विसरलो आणि माझा मुलगा गेला."

तिने घास खाली ठेवला. "आणि मुलगी?"

अप्पांनी तो दिवस सकाळपासून नीट आठवून पाहिला. त्यांनी सांगितलेल्या गोष्टीत ती कुठेच नव्हती.

"नाही," ते म्हणाले, "मुलगी नव्हती मला."