कोरडी काजळी

गाडी पुन्हा मिसिंग करायला लागली, तशी ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कालच तिने इंजिनचे चारही स्पार्क प्लग काढून पेट्रोलने धुतले होते, तारेच्या ब्रशने घासून लख्ख केले होते. आज कामावर निघताना गाडी धक्के देऊन बंद पडली. बॉनेट उघडून तिने प्लगपाना फिरवला, तर चारही टोकांवर कोरडी, मऊ काजळी.

प्लग बघून दुखणं ओळखायला तिला बाबांनी शिकवलं होतं. तेलकट काळा म्हणजे इंजिन झिजलं. कोरडा काळा म्हणजे कुणीतरी गाडी जागेवरच तासन्‌तास चालू ठेवली. फिकट तपकिरी म्हणजे गाडी लांबच्या रस्त्याला मनसोक्त पळून आली.

आणि गंमत म्हणजे प्लग काळे करायचे ते स्वतः बाबाच. कुठे निघायचं म्हटलं की आधी गाडी सुरू करून बसणार आणि धाकटा भाऊ येईपर्यंत दोन-दोन हॉर्न मारत धुमसत राहणार. बूट गाडीच्या दाराबाहेर काढल्याशिवाय ते कुणाला आत घेत नसत, आणि धांदलीत धाकटा बूट तिथेच विसरून यायचा. पण त्याला मागे ठेवून बाबा कधी निघाले नाहीत. निघाले ते एकदाच, गेल्या वर्षी, अंथरुणावरून, कायमचे.

"तूच बसतोस ना रे गाडी चालू करून?" ताईने कप आदळत विचारलं.

"मी? किल्ली तुझ्याकडे असते." धाकट्याचे डोळे तारवटलेले होते. "मला वाटलं, तूच. मला झोप नाही त्या आवाजाने. हॉर्नपण वाजतो. दोनदा."

"बाबांचं नाव घेऊन मला बनवू नकोस!"

"मी नाव कुठे घेतलं?"

मग तिने प्लगच काढून घेतले. घासूनपुसून स्वतःच्या कपाटात ठेवले, शेडला कुलूप घातलं. प्लगशिवाय गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. आता बघू, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. चारही काळे.

"माझ्या कपाटापर्यंत मजल गेली तुझी?" तिने काळे प्लग त्याच्या तोंडासमोर नाचवले. "चालता हो!"

"ताई, शप्पथ सांगतो..."

"परत तोंड दाखवू नकोस!"

संध्याकाळी तो पिशवी उचलून गेला. दारही आपटलं नाही त्याने, याचाच तिला जास्त राग आला. थोड्या वेळाने बाहेर दोन हॉर्न वाजले. असेल शेजाऱ्यांची गाडी, म्हणत तिने खिडकी धाडकन लावली.

सकाळी कपाट उघडलं, तर प्लग काळे नव्हते.

"बघ! तू गेलास आणि थांबलं," ती मोठ्याने म्हणाली. घरात ऐकायला कुणी नव्हतं. तिने एक प्लग उचलून उजेडात धरला.

टोक फिकट तपकिरी होतं.

प्लग गरम होता.

तिने धाकट्याला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. ती शेडकडे धावली.

कुलूप जसंच्या तसं. गाडी जागेवरच होती, बॉनेटवर तिच्याच काळ्या बोटांचे ठसे.

गाडीच्या पुढच्या दाराबाहेर धाकट्याचे बूट काढून ठेवलेले होते.